सरावाचं मैदान कुणाचं? (शालेय रोबोटिक्स, ठाणे-नवी मुंबई)

मानपाडेकर | रविवार, रात्री ११:४०

आत्ताच आम्ही घरी पोचलो. रोबो अजून डिकीत आहे. लेक मागच्या सीटवर झोपली होती, तिला कसंबसं वर आणलं. पण हे लिहिल्याशिवाय मला काही झोप येणार नाही.

लेक नववीत आहे. तिच्या टीमचं एफटीसीचं, म्हणजे फर्स्ट टेक चॅलेंज या शालेय रोबो-स्पर्धेचं, हे पहिलंच वर्ष. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बारा बाय बारा फुटांचं मैदान, खाली फोमच्या ३६ फरशा, दोन-दोन टीमच्या दोन आघाड्या. सुरुवातीला रोबो १८ इंचांच्या चौकोनी खोक्यात मावला पाहिजे. पहिले ३० सेकंद तो आपला आपण चालतो (मुलं याला 'ऑटो' म्हणतात. "आमची ऑटो आज चालतच नाहीये" हे ऐकून आमच्या वॉचमननी रिक्षा बोलावली होती), मग दोन मिनिटं मुलं कंट्रोलर घेऊन चालवतात. यंदाच्या (२०२५-२६ च्या) 'डीकोड' या खेळात जांभळे-हिरवे चेंडू गोळा करून कोपऱ्यातल्या गोलमध्ये फेकायचे आहेत.

आज नवी मुंबईत एका ठिकाणी सराव सामने होते. जागेचं नाव घेत नाही, आयोजक मंडळी भली होती. एक मैदान सामन्यांचं, एक सरावाचं. सरावाच्या मैदानाशेजारी भिंतीवर कागद: साडेआठ ते अकरा, दहा-दहा मिनिटांच्या पंधरा वेळा, समोर आपलं नाव लिहा. घोडबंदर रोड पार करून आम्ही पोचलो तोवर कागद भरलेला. टीम अठरा, आणि पंधरापैकी नऊ वेळा फक्त दोन टीमच्या नावावर! कुणाच्या तरी दयेने आम्हाला १०:५० ची वेळ मिळाली, आणि नेमका त्याच वेळी आमचा सामना लागला. म्हणजे सराव शून्य.

आमची पोरं आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार फरशा टाकून ऑटो बसवतात. तिथे छान चालते. आज पूर्ण मैदानावर रोबो पहिल्याच सामन्यात भिंतीला भिडला आणि उरलेले वीस सेकंद भिंत ढकलत राहिला. लेक एक शब्द बोलली नाही.

तर प्रश्न असा: तीन आठवड्यांनी आम्ही काही पालक मिळून ऐरोलीत मैत्रीचे सामने ठेवतोय. हॉल मिळालाय, १४ टीम येतायत. सरावाच्या मैदानाचे नियम काय ठेवावेत? रडगाणं झालं, आता उपाय हवेत.

पॉपकॉर्नवाली | रविवार, रात्री ११:५२

वाचतेय. पार्किंगमधल्या चार फरशांवर सोसायटीच्या सेक्रेटरींचं काय म्हणणं आहे, हा वेगळा धागा होऊ शकतो.

नेरुळचा नट | सोमवार, सकाळी ७:०५

मी काही वर्षं अशा स्पर्धांना मैदानाच्या तांत्रिक बाजूला उभा असतो, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

तुमच्या कागदाची चूक एकच नाही. नऊ वेळा दोघांनी घेतल्या ही झाली हावरटपणाची बाजू. पण सामने १०:३० ला सुरू होणार हे माहीत असताना कागदावर ११ पर्यंतच्या वेळा लिहिल्याच कशा? सामने सुरू झाले की सरावाचं ठरीव वेळापत्रक मेलं. हिशोब करा. अठरा टीम, एका सामन्यात चार. प्रत्येकीचा नंबर सरासरी साडेचार सामन्यांनी येतो. एका सामन्याला मैदान लावण्यापासून गुण लिहिण्यापर्यंत आठेक मिनिटं धरली तर मध्ये ३६ मिनिटं. त्यातली दहा रांगेत, पाच बॅटरी बदलण्यात, काही चालण्यात. उरतात पंधरा, आणि ती नेमकी कधी उरतील हे टीमला स्वतःलाही माहीत नसतं. अशा वेळी "१०:५० तुमची" याला काही अर्थ नाही.

मोठ्या मुलांच्या एफआरसीमध्ये (फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन; तिथलं मैदान साधारण ५४ बाय २७ फूट आणि एका आघाडीत तीन टीम) सरावाच्या सामन्यांसाठी 'फिलर लाइन' म्हणून एक पद्धत आहे. ठरलेली टीम आली नाही तर तिची जागा रांगेतली पहिली टीम घेते. रांगेच्या अटी मस्त आहेत: रोबो तपासणी पास झालेला हवा, ड्राइव्ह टीमने (रोबो चालवणाऱ्या मुलांनी) रोबो सोबत घेऊनच उभं राहायचं, रांगेत उभं असताना रोबोवर काम करायचं नाही, आणि एका टीमला एकच जागा. म्हणजे एक पोरगा रांगेत आणि बाकीचे पिटमध्ये (टीमच्या दुरुस्तीच्या जागेत) स्क्रू पिळतायत, असं चालत नाही.

तेव्हा माझं मत: सामने सुरू होईपर्यंत ठरलेल्या वेळा, सुरू झाल्यावर फक्त रांग. एकाच पद्धतीने दिवसभर चालवायला जाऊ नका.

ऐरोली हायव्होल्टेज | सोमवार, सकाळी ९:३०

त्या दोन टीमपैकी एकीचा मेंटॉर मी. लपवण्यासारखं काही नाही.

आम्ही पावणेसातला गेटवर होतो. कागदावर "एका टीमने एकदाच" असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. मुलांनी विचारलं, "सर, अजून एक टाकू?" मी म्हटलं, जागा रिकामी आहे, टाका. टर्फवर रात्री अकराचा स्लॉट रिकामा असेल तर आपण घेतोच ना? दहा मिनिटांत होतं काय? कॅमेरा लावून, उजेडाप्रमाणे आकडे बदलून, कोड चढवून एकदा ऑटो चालवली की वेळ संपली. चार वेळा मिळाल्या म्हणून आमची ऑटो बसली. त्यात चुकलं काय? आणि उशिरा येणाऱ्यांसाठी जागा राखून ठेवायची असेल तर मग सातला कोण येईल?

कोपरखैरणे कन्या | सोमवार, सकाळी १०:१५

हायव्होल्टेज, तुमच्याकडे सरावाचं पूर्ण मैदान आहे का? खरं उत्तर द्या.

आमच्याकडे नाही. आमची मुलं एका क्लासच्या गच्चीवर सराव करतात, ऊन खाली आलं की बंद. रोबो ट्रान्स-हार्बर लोकलच्या मालडब्यातून येतो, माशांच्या टोपल्यांच्या शेजारी. गंमत म्हणून सांगतेय, मावश्या फार प्रेमाने जागा करून देतात. पण सातला गेटवर पोचायचं तर मुलांनी निघायचं कधी, कुणाबरोबर? ज्यांच्या घरी मैदान आहे त्यांना स्पर्धेचं सरावाचं मैदान ही जास्तीची सोय आहे. आमच्यासाठी तेवढंच एक मैदान आहे.

ऐरोली हायव्होल्टेज | सोमवार, सकाळी १०:४०

आहे. शाळेत. पूर्ण.

आजोबा तीन हात नाका | सोमवार, दुपारी १:१०

नातू एफएलएल खेळतो (फर्स्ट लेगो लीग, आठ बाय चार फुटांचं टेबल, लेगोचे रोबो), त्यामुळे वाचत होतो. माझी ३१ वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यात प्रेस शॉपमध्ये (पत्रा ठोकून भाग बनवतात तिथे) गेली. तिथेही हेच भांडण असायचं. प्रेस एक, जॉब चौदा, प्रत्येक फोरमन म्हणायचा मला जास्त वेळ द्या. एक दिवस घड्याळ घेऊन उभा राहिलो. आठ तासांच्या पाळीत प्रेस प्रत्यक्ष किती वेळ ठोकत होती? निम्मासुद्धा नाही. बाकीचा सगळा वेळ डाय (साचा) बदलण्यात जायचा. मग आम्ही नियम केला: पुढची डाय प्रेस चालू असतानाच शेजारी तयार ठेवायची, बोल्ट-पाने मोजून.

मानपाडेकरबाई, तुमच्याकडे त्या दिवशीचं काही चित्रण आहे का? दहा मिनिटांपैकी रोबो किती मिनिटं हलत होता ते मोजा. मग नियम करा.

मानपाडेकर | सोमवार, रात्री १०:३०

आजोबा, कमाल आहात. माझ्या नवऱ्याने वैतागून सरावाच्या मैदानाचं वीसेक मिनिटांचं चित्रण करून ठेवलं होतं (पुरावा म्हणून! कुणाला दाखवणार होता देव जाणे). आम्ही दोघांनी जेवताना मोजलं. एका टीमच्या दहा मिनिटांत रोबो हलला ३ मिनिटं २० सेकंद. दुसऱ्या टीमच्या, ४ मिनिटं ५. बाकी लॅपटॉपभोवती घोळका, चेंडू गोळा करणं, "अरे केबल कुठेय", आणि एकदा तर मेंटॉर फोनवर. मैदानाचा निम्मा भाग पूर्ण वेळ रिकामाच.

सानपाडा लोकल | मंगळवार, रात्री १२:२०

मी शाळेत असताना दोन सीझन खेळलो, आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. रोबो हलला नाही तो वेळ वाया गेला असंच नसतं, कोड बदलणं हाही सरावच. पण तो मैदानावर उभं राहून करायचा नसतो, हे आम्हाला उशिरा कळलं.

नवीन टीमना दहा मिनिटांत काय तपासावं तेच माहीत नसतं, म्हणून लिहितो.

मानपाडेकर, तुमचा रोबो भिंतीला का भिडला? माझा अंदाज, ऑटो वेळेवर लिहिलेली असणार, "इतके सेकंद पुढे जा" अशी. १२ व्होल्टची बॅटरी ताजी भरलेली असली की मीटर १३ च्या वर दाखवतो, अर्धा दिवस वापरली की खाली येते. घरी दमलेल्या बॅटरीवर जुळवलेले सेकंद ताज्या बॅटरीवर रोबोला लांब नेतात. मोटरच्या एन्कोडरने (मोटर किती फिरली ते मोजणारा सेन्सर) अंतर मोजा, सेकंद मोजू नका. हे घरी होतं, चार फरशांवरसुद्धा.

मैदानावर तपासायच्या गोष्टी वेगळ्या. एक उजेड. कॅमेऱ्याने रंग ओळखत असाल तर हॉलच्या दिव्यांखाली जांभळा काळपट दिसतो. एप्रिलटॅग (मैदानावरची क्यूआर कोडसारखी काळी-पांढरी चिन्हं) वाचत असाल तर एक्स्पोजर बघायचं. दुसरं, फरशांची पकड. झिजलेल्या फोमवर आणि नव्या फोमवर चाकं सारखी घसरत नाहीत. आणि तिसरं म्हणजे सुरुवातीची जागा: रोबो नेमका कुठे आणि कुठल्या कोनात ठेवायचा. आमची एक अख्खी स्पर्धा या दोन अंशांनी गेली आहे. हे सगळं सहा-सात मिनिटांत होतं, कोड आधीच तयार असेल तर. चेंडू उचलून टाकण्याचा, चालवण्याचा सराव तिथे करू नये. तो घरी, गच्चीवर, कुठेही.

नेरुळचा नट | मंगळवार, सकाळी ७:१५

सानपाडाला +१. त्यात वायफायची भर घालतो. प्रत्येक रोबोचा कंट्रोल हब (त्याचा मेंदू म्हणा) स्वतःचं वायफाय सोडतो. १४ टीम म्हणजे १४ नेटवर्कं, वर पालकांचे हॉटस्पॉट. मग कनेक्शन तुटलं की पोरं कोडला शिव्या घालतात. हॉलमध्ये हॉटस्पॉट बंद, हे दारावरच लिहा. आणि डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी असली तर फोमवर फिरून रोबोवर स्थिर वीज साचते, भिंतीला टेकला की हब बंद पडतो. आपल्याकडे खाडीच्या दमट हवेत हे कमी होतं, एसी हॉलमध्ये जास्त. तुमचा हॉल बिनएसी आहे म्हणून नशीबवान.

सुरक्षा चष्मे सरावाच्या मैदानावरही, मेंटॉरलासुद्धा. 'डीकोड'मध्ये चेंडू हवेतून उडतात, एकदा डोळ्यावर बसला की कळतं.

कोपरखैरणे कन्या | मंगळवार, सकाळी ११:००

नियमात नव्या टीमना प्राधान्य द्या, एवढीच विनंती. पहिलं वर्ष असलेल्या टीमना पहिल्या वेळा.

ऐरोली हायव्होल्टेज | मंगळवार, सकाळी ११:२५

याला मात्र माझा विरोध. नवी-जुनी कोण ठरवणार? आमच्या शाळेची टीम जुनी, पण यंदाच्या सात मुलांपैकी पाच नवीन आहेत. आणि नवीन टीमला सकाळी आठची वेळ देऊन उपयोग काय? त्यांचा रोबो आठला उभाच राहिलेला नसतो. त्यांना दहाला द्या.

पॉपकॉर्नवाली | मंगळवार, सकाळी ११:३१

हे पटलं, आणि पटलं याचा राग आला.

आजोबा तीन हात नाका | मंगळवार, दुपारी २:००

नवी-जुनी सोडा. आज किती वेळा उतरला ते बघा. रांगेत उभ्या टीमपैकी ज्याचा रोबो आज सर्वात कमी वेळा मैदानावर गेला, तो पुढे. शून्यवाला एकवाल्याच्या आधी, एकवाला दोनवाल्याच्या आधी. सारखे असतील तर जो आधी आला तो. फळ्यावर टीमसमोर खडूने रेघा मारत जायच्या. वाद घालायला जागा राहत नाही, फळा सगळ्यांना दिसतो.

ऐरोली हायव्होल्टेज | मंगळवार, दुपारी २:३५

हे मान्य. आणि फोमच्या फरशांचा एक जादा सेट आमच्या शाळेतून आणतो. ते ३१ वर्षं वगैरे वाचून जरा लाज वाटली, बाकी काही नाही.

मानपाडेकर | गुरुवार, रात्री ९:५०

मसुदा टाकतेय, चुका काढा.

सामने दहाला. आठ ते दहा ठरलेल्या वेळा, बारा-बारा मिनिटांच्या, मधोमध पट्टी मारून मैदानाचे दोन भाग. डीकोडमध्ये दोन गोल दोन कोपऱ्यांत आहेत, त्यामुळे प्रत्येक अर्ध्यात एक गोल येतो. दोन तासांत दहा वेळा गुणिले दोन, वीस पाळ्या. प्रत्येक टीमला एक, चिठ्ठ्या आदल्या रात्री ग्रुपवर काढायच्या, म्हणजे गेटवर सातला येण्याची शर्यत नाही. अदलाबदल आपापसात करा, आम्हाला फक्त कळवा. उरलेल्या सहा पाळ्या रांगेसाठी. ठरलेली टीम दोन मिनिटांत आली नाही तर ती पाळीही रांगेला. पुढची टीम आधीच पट्टीबाहेर रोबो चालू करून तयार. बारापैकी शेवटचं मिनिट चेंडू जागेवर ठेवून मैदान लावून द्यायचं. कोड मैदानावर एकदाच बदलायचा, दुसऱ्यांदा बदलायचा असेल तर बाहेर येऊन रांगेत. दहानंतर फक्त रांग, आजोबांच्या रेघांनुसार, सहा मिनिटं. आपला सामना तीन सामन्यांवर आला असेल तर रांगेत येऊ नका, तुमचीच पंचाईत होईल.

आणि नेरुळचा नट, एक शंका. त्या दिवशी आमच्या तिसऱ्या सामन्यापुढे चांदणी होती आणि त्याचे गुण धरलेच नाहीत. तो काय प्रकार?

नेरुळचा नट | शुक्रवार, सकाळी ७:००

सरोगेट. अठरा टीम, प्रत्येकी पाच सामने, म्हणजे ९० जागा. चारने भाग जात नाही, म्हणून २३ सामने करावे लागतात, ९२ जागा. दोन टीम एकेक जादा सामना खेळतात, आणि तो त्यांच्या क्रमवारीत धरत नाहीत. सहसा तिसरा. शिक्षा नाही ती, उलट फुकटचा सराव! जोड्या हाताने लावत नाहीत, टॉम आणि कॅथी सॅक्स्टन यांचं 'मॅचमेकर' नावाचं सॉफ्टवेअर लावतं. दोन सामन्यांत पुरेसं अंतर, तेच जोडीदार आणि तेच विरोधक परत परत नकोत, लाल-निळी बाजू सारखी, हे सगळं ते बघतं. तुमच्या १४ टीमना चार-चार सामने ठेवा. ५६ भागिले ४, बरोबर १४ सामने, चांदणी नाही.

मसुदा चांगला. दोन सामन्यांमधला वेळ १४ टीममध्ये साधारण २८ मिनिटं येईल, त्यामुळे "तीन सामन्यांवर" ऐवजी "दोन सामन्यांवर" करा, नाहीतर रांगेत कुणी येणारच नाही.

सानपाडा लोकल | शुक्रवार, दुपारी ४:१०

फळ्यावर मुलालाच ठेवा, पालकाला नको. पालक ओळखीत अडकतात. मी येतो, वेळ मी सांगतो.

मानपाडेकर | रविवार, रात्री १०:१५ (तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय)

झाले एकदाचे सामने. जसं झालं तसं सांगते.

चिठ्ठ्यांचा प्रयोग बरा चालला. चार टीमनी आपापसात अदलाबदल केली. हायव्होल्टेजनी त्यांची सव्वानऊच्या सुमाराची वेळ कोपरखैरण्याला देऊन आठची घेतली, कारण त्यांचा रोबो तयारच होता. अर्धं मैदान मात्र सगळ्यांना पुरलं नाही. ज्यांची ऑटो मैदान ओलांडते त्यांनी शेजारच्याला "दादा, जरा थांब" म्हणत म्हणत काम भागवलं, एकदा टक्कर झालीच. पुढच्या वेळी दर चौथी पाळी पूर्ण मैदानाची ठेवावी लागेल.

"कोड एकदाच बदला" हा नियम पहिल्या अर्ध्या तासात मोडला. कुणी चढवला, कितीदा चढवला, कुणाला दिसतं? सोडून दिला. शेवटच्या मिनिटात मैदान लावून देण्याचा नियम मात्र मुलांनी असा उचलला की चेंडू पट्टीने मोजून ठेवत होते.

रेघांचा फळा हिट. एकदा एक मेंटॉर (आपल्यापैकी नाही) सानपाडाला म्हणाले, "अरे आम्ही कधीचे उभे आहोत." त्याने नुसतं फळ्याकडे बोट दाखवलं. त्यांच्यासमोर तीन रेघा, मागच्या टीमसमोर शून्य. ते मागे गेले. शून्यवाली टीम कुठली, तर आमचीच. सकाळी कंट्रोल हबची केबल तुटली आणि आमची पाळी हुकली होती. आमची पोरं सव्वाअकराला पहिल्यांदा मैदानावर उतरली. ऑटो भिंतीच्या चार इंच आधी थांबली. एन्कोडर लावलाय आता.

कोपरखैरणे कन्या | रविवार, रात्री १०:४०

आमच्या सहा रेघा झाल्या. सहा! परत जाताना मालडब्यात मुलं मावश्यांना ऑटो म्हणजे काय ते समजावून सांगत होती.

आजोबा तीन हात नाका | सोमवार, सकाळी ६:३०

मोजलं का कुणी?

सानपाडा लोकल | सोमवार, सकाळी ८:५०

मोजलं, आजोबा. रांगेतल्या पाच पाळ्या. सहापैकी सरासरी चारच्या जरा वर मिनिटं रोबो हलत होता. सकाळच्या पाळ्यांत त्या मानाने कमी, बारापैकी पाच-साडेपाच. लांब वेळ दिला की लोक आरामात उलगडतात.

मानपाडेकर | सोमवार, सकाळी ९:२०

म्हणजे सकाळच्याही आठ-आठ मिनिटांच्या करू या? जानेवारीत पुन्हा ठेवायचा विचार आहे, पण दहावीवाल्यांच्या प्रिलिम आहेत, तारीख जपून बघावी लागेल.

आणि तो फळा कुणाच्या गाडीत गेलाय? सोसायटीचा आहे, सेक्रेटरी दोनदा विचारून गेले.

ऐरोली हायव्होल्टेज | सोमवार, सकाळी ९:२६

माझ्या. फरशांखाली दबलाय. संध्याकाळी आणून देतो.